अमेरिकेची ऑलिंपिक जलतरण निवड चाचणी आणि चाहत्यांचे अंदाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑलिंपिकच्या वर्षी जून महिना जवळ आला की जलतरणाचे चाहते तक्ते मांडून बसतात: कोण पहिलं येणार, कोण दुसरं, आणि कुणाची संधी हुकणार. या नादाला नव्याने लागलेले लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बरीचशी उदाहरणं २०२१ ची ओमाहा आणि २०२४ ची इंडियानापोलिस इथल्या चाचण्यांची आहेत. अंदाज बांधण्याचा कस जितका अमेरिकेच्या चाचणीत लागतो तितका दुसऱ्या कुठल्याच स्पर्धेत लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे पुढे येईलच.

ही चाचणी म्हणजे नेमकं काय? राष्ट्रीय स्पर्धेपेक्षा वेगळी कशी?

राष्ट्रीय स्पर्धेत हरलात तर पुढच्या वर्षी पुन्हा पोहता येतं. इथे हरलात तर चार वर्षं थांबावं लागतं. अमेरिकेत ऑलिंपिकचा जलतरण संघ कुठलीही समिती बसून निवडत नाही. आधीचे विक्रम, नाव, जुनी पदकं यांतलं काहीही मोजलं जात नाही. त्या आठवड्यात, त्या तलावात, अंतिम फेरीत भिंतीला आधी हात कुणी लावला एवढंच बघितलं जातं.

२०२४ ची चाचणी १५ ते २३ जून अशी नऊ दिवस चालली. ती झाली इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर तात्पुरता तलाव उभारून. पहिल्याच रात्री २० हजारांवर प्रेक्षक होते. त्याआधी २००८ पासून सलग चार चाचण्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहामध्ये झाल्या होत्या.

संघात कोण जातं? फक्त पहिले दोन?

वैयक्तिक शर्यतीत एका देशाचे जास्तीत जास्त दोनच जण उतरू शकतात. म्हणून प्रत्येक शर्यतीतले पहिले दोन, तेही ऑलिंपिकची पात्रता वेळ गाठलेली असेल तर. १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलचं गणित वेगळं आहे. तिथे रिलेसाठी माणसं लागतात, त्यामुळे पहिले चार नक्की जातात आणि जागा उरल्या तर पाचवा आणि सहावाही जातो.

पॅरिससाठी संघाची मर्यादा २६ पुरुष आणि २६ महिला अशी होती. वैयक्तिक शर्यती प्रत्येकी १४. दोघादोघांचा हिशेब केला तर आकडा २६ च्या वर जातो, पण एकच खेळाडू दोन-तीन शर्यतींत जागा मिळवतो म्हणून सगळं बसतं. म्हणूनच पहिल्या एक-दोन दिवशी दुसरा आलेला खेळाडू तांत्रिकदृष्ट्या अजून संघात नसतो. आधी विजेते आणि फ्रीस्टाइलचे पहिले चार आत जातात, मग दुसरे, मग पाचवे-सहावे. आठवडा पुढे सरकतो, एकाच खेळाडूच्या नावावर दोन-दोन जागा होत जातात आणि दुसऱ्यांची नावं पक्की होतात. नव्या चाहत्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. तो टाळायचा तर संघाची यादी स्वतः हाताने लिहीत जा.

अंदाज नेमका कशाचा बांधायचा? विजेत्याचा?

विजेता सांगणं बऱ्याचदा सोपं असतं. केटी लेडेकी ८०० किंवा १५०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पहिली येणार, हे सांगायला अभ्यास लागत नाही. खरा अंदाज दुसऱ्या जागेचा. चाचणीतला सगळा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेमधल्या फटीत असतो. पहिल्याला आणि दुसऱ्याला एकच बक्षीस, ऑलिंपिकचं तिकीट. तिसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून तक्ता भरताना आधी दुसरं नाव लिहा आणि ते का लिहिलं याचं उत्तर स्वतःला द्या.

दुसरी जागा काय करू शकते याची काही उदाहरणं पाहा. २०२१ मध्ये रीगन स्मिथ २०० मीटर बॅकस्ट्रोकची विश्वविक्रमवीर होती. २०१९ मध्ये तिने २ मिनिटं ३.३५ सेकंदांची वेळ दिली होती. ओमाहात ती तिसरी आली. रायन व्हाइट आणि फीबी बेकन पुढे गेल्या आणि विश्वविक्रम नावावर असलेली मुलगी त्या शर्यतीत टोकियोला उतरलीच नाही. १०० मीटर बॅकस्ट्रोक आणि २०० मीटर बटरफ्लायमध्ये तिची निवड झाली होती, तिथे तिने पदकं मिळवली, ही गोष्ट वेगळी.

२०२४ मध्ये महिलांच्या १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकला लिली किंग पहिली येईल असं बहुतेकांनी लिहिलं होतं, आणि ती आली. दुसऱ्या जागेवर जवळजवळ सगळ्यांनी लिडिया जेकोबीचं नाव टाकलं होतं. अलास्कातल्या सिवर्ड या छोट्या गावची ही मुलगी १७ व्या वर्षी टोकियोत याच शर्यतीची ऑलिंपिक विजेती झाली होती. दुसरी आली एमा वेबर, १ मिनिट ६.१० सेकंद. जेकोबी १ मिनिट ६.३७. पाव सेकंदाने ऑलिंपिक विजेतीची जागा गेली.

माझ्या दृष्टीने या सगळ्यांत मोठी कहाणी क्रेग बीअर्ड्सलीची. १९८० मध्ये अमेरिकेने मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, तरी चाचणी झाली. कॅलिफोर्नियात अर्व्हाइन इथे बीअर्ड्सलीने २०० मीटर बटरफ्लायमध्ये १ मिनिट ५८.२१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मॉस्कोत सुवर्णपदक मिळालेली वेळ याच्यापेक्षा दीड सेकंदाने संथ होती. चार वर्षांनी, १९८४ च्या चाचणीत, तो तिसरा आला. जगात कुणापेक्षाही वेगाने पोहलेला हा माणूस ऑलिंपिकच्या पाण्यात एकदाही उतरला नाही.

पूर्वी एका शर्यतीत देशाचे तिघे जायचे ना?

हो. ही मर्यादा १९८४ च्या ऑलिंपिकपासून दोनवर आली. त्याआधीच्या अमेरिकन आणि पूर्व जर्मन संघांनी तिन्ही पदकं एकाच देशाला मिळवून दिल्याची उदाहरणं आहेत. बीअर्ड्सलीची तिसरी जागा नेमक्या त्याच वर्षी आली, हे लक्षात घ्या.

सायक शीट म्हणजे काय, आणि तिच्यावर किती विसंबायचं?

स्पर्धेआधी जाहीर होणारी प्रवेशिकांची यादी. प्रत्येक शर्यतीत कोण उतरतंय आणि त्याची पात्रता काळातली सर्वोत्तम वेळ किती, हे तिच्यात वेगवान ते संथ अशा क्रमाने असतं. बहुतेकांचे अंदाज याच यादीची नक्कल असतात, आणि म्हणूनच फसतात.

यादीतली वेळ केव्हाची आहे हे आधी बघा. वर्ष-दीड वर्षापूर्वीची एकच झकास वेळ आणि त्यानंतर उतरती कळा, असा खेळाडू यादीत वर दिसतो. उलट, १६-१७ वर्षांची मुलं महिन्यागणिक सुधारत असतात आणि यादीत खाली दिसतात. २००० च्या चाचणीत २०० मीटर बटरफ्लायमध्ये दुसरा आलेला मायकल फेल्प्स तेव्हा १५ वर्षांचा होता. २०१२ मध्ये लेडेकीही १५ वर्षांचीच होती, तिने ८०० मीटर जिंकली आणि लंडनमध्ये सुवर्णपदक घेतलं. २०२४ मध्ये थॉमस हायलमन १७ व्या वर्षी १०० मीटर बटरफ्लायमध्ये दुसरा आला, आणि फेल्प्सनंतर अमेरिकेच्या पुरुष संघात गेलेला तो सर्वांत लहान जलतरणपटू ठरला. दर चाचणीत असं एखादं नाव निघतं. ते कोणत्या शर्यतीत निघेल यावर विचार करायला वेळ काढा.

यादीतून आणखी एक गोष्ट कळते: कोणी किती शर्यतींत नाव टाकलंय. पण टाकलेलं प्रत्येक नाव पाण्यात उतरतंच असं नाही.

कॉलेजच्या स्पर्धेत विक्रम करणारा इथे का चालत नाही?

कारण तलाव वेगळा. अमेरिकन कॉलेजच्या शर्यती २५ यार्डांच्या तलावात होतात, मार्च महिन्यात. तिथे भिंती जास्त येतात, म्हणजे वळणं जास्त, म्हणजे पाण्याखालची डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) जास्त. ५० मीटरच्या तलावात मात्र पृष्ठभागावर हात मारत जावं लागतं. यार्डांच्या वेळा मीटरमध्ये बदलून देणारी सूत्रं आहेत, पण ती सरासरीची असतात. ज्याची किक असामान्य आहे त्याला ती सूत्रं फार वर नेऊन ठेवतात.

तरी हा नियमही डोळे मिटून लावू नये. ग्रेचेन वॉल्शबद्दल कित्येक वर्षं असंच म्हटलं जायचं, की ही लहान तलावातलीच. २०२१ च्या संघात तिला जागा मिळाली नव्हती. मार्च २०२४ मध्ये तिने १०० यार्ड फ्रीस्टाइल ४४.८३ सेकंदांत संपवली, ४५ च्या आत जाणारी पहिली महिला. तरीही लोक साशंकच होते. तीन महिन्यांनी, चाचणीच्या पहिल्याच रात्री, १०० मीटर बटरफ्लायच्या उपांत्य फेरीत तिने ५५.१८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. तिची पाण्याखालची ताकद मोठ्या तलावातही तितकीच उपयोगी पडते, एवढंच तिला दाखवायचं होतं. जिची किक जबर आहे आणि जिचे शेवटचे १५ मीटरही सुधारताहेत, तिला कमी लेखू नका.

टेपर म्हणजे काय?

मोठ्या स्पर्धेआधी साधारण दोन-तीन आठवडे सराव कमी करत नेणं, म्हणजे शरीर ताजंतवानं होतं. वर्षभर थकलेल्या अवस्थेत दिलेल्या वेळा संथ दिसतात, टेपरनंतर त्या झपकन खाली येतात. म्हणून वसंतातल्या छोट्या स्पर्धांचे निकाल वाचताना तो खेळाडू थकलेला होता की ताजा, हे जाणून घ्यायला हवं.

ज्यांची जागा जवळपास पक्की, ते चाचणीसाठी पूर्ण टेपर न घेता ऑलिंपिकसाठी थोडं राखून ठेवतात, असं जाणकार म्हणतात. ज्यांची जागा काठावर आहे त्यांना ती चैन परवडत नाही. काठावरचा माणूस चाचणीत आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देतो ते यामुळेच. दुसऱ्या जागेचा अंदाज बांधताना हे फार कामाला येतं.

सकाळच्या हीटमध्ये सगळ्यांत वेगवान पोहणाराच रात्री जिंकतो का?

नाही. पुरुषांची १०० मीटर फ्रीस्टाइल, २०२४: जॅक अलेक्सीने हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, ४७.०८ सेकंदांची जबरदस्त वेळ दिली. अंतिम फेरी ख्रिस गुलियानोने ४७.३८ मध्ये जिंकली. अलेक्सी ४७.४७ ने दुसरा, केलेब ड्रेसेल ४७.५३ ने तिसरा, हंटर आर्मस्ट्राँग ४७.७८ ने चौथा. सकाळची ती वेळ रात्री कुणालाच गाठता आली नाही, खुद्द अलेक्सीलाही नाही. टोकियोत याच शर्यतीचं सुवर्ण मिळवलेला ड्रेसेल तिसरा आला, म्हणून पॅरिसमध्ये तो या अंतरात फक्त रिलेत पोहला.

२०० मीटर आणि त्याहून छोट्या शर्यतींना तीन फेऱ्या असतात: हीट, उपांत्य, अंतिम. ४०० आणि त्यापुढे दोनच. तीन फेऱ्यांच्या शर्यतीत दोन धोके. एक म्हणजे सगळी ताकद आधीच खर्च होणं. दुसरा त्याच्या उलट, म्हणजे राखून पोहण्याच्या नादात बाहेर पडणं.

सिमोन मॅन्युएलचं उदाहरण यांतल्या कशातच बसत नाही, पण ते माहीत असायलाच हवं. रिओत १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवलेली ती, २०२१ च्या चाचणीत उपांत्य फेरीत नववी आली. ०.०२ सेकंदाने अंतिम फेरी हुकली. अतिसरावामुळे आपलं शरीर कोलमडलं होतं, महिनोन्महिने त्रास होता, हे तिने त्या रात्री पत्रकारांना सांगितलं. चाहत्यांच्या तक्त्यांत तिचं नाव पक्कं होतं, कारण आतलं कुणालाच ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत तिने ॲबी वाइटझीलला एका शतांश सेकंदाने मागे टाकलं, २४.२९ विरुद्ध २४.३०, आणि टोकियोचं तिकीट काढलं. आतापर्यंत पाहिलेल्या चाचण्यांतली माझी सर्वांत आवडती शर्यत हीच.

चौथ्या लेनमधला खेळाडूच पुढे असतो, मग बाहेरच्या लेनला काही अर्थ आहे का?

आहे. आधीच्या फेरीत सर्वांत वेगवान त्याला चौथी लेन मिळते, काठावर आत आलेल्यांना पहिली आणि आठवी. कडेच्या लेनमधला खेळाडू मधल्यांना दिसत नाही. टोकियोत ट्युनिशियाच्या अहमद हफनावीने आठव्या लेनमधून ४०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली होती. चाचणीत आठव्या लेनमधून दुसरी जागा हिसकावणं याहूनही सोपं, कारण तिथे पहिलं यायची गरजच नसते.

खेळाडू जिंकलेली शर्यत सोडतो का? मग जागा कुणाची?

सोडतो, आणि हिशेब इथेच सगळ्यांत रंगतदार होतो. २०२४ मध्ये महिलांची १०० मीटर फ्रीस्टाइल केट डग्लसने ५२.५६ सेकंदांत जिंकली. टोरी हस्की दुसरी, ग्रेचेन वॉल्श तिसरी, सिमोन मॅन्युएल चौथी. पण डग्लसला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक आणि २०० मीटर वैयक्तिक मेडलेवर (चारही प्रकार एकट्याने पोहायची शर्यत) भर द्यायचा होता, म्हणून तिने पॅरिसमध्ये ही वैयक्तिक शर्यत सोडली. जागा वॉल्शकडे गेली. पॅरिसमध्ये हस्कीला रौप्य मिळालं, वॉल्श पदकाविना राहिली.

लेडेकीनेही २०० मीटर फ्रीस्टाइल चाचणीत जिंकूनही पॅरिसमध्ये त्या अंतरात वैयक्तिक पोहणं टाळलं. म्हणून एखाद्या बड्या नावाच्या मागे तिसरा येणारा खेळाडू संपला असं समजू नका. ऑलिंपिकचं वेळापत्रक समोर ठेवा, एका संध्याकाळी कुणाच्या दोन शर्यती येतात ते बघा. कोण काय सोडणार हे बऱ्याच अंशी आधीच कळतं.

निकाल शतांश सेकंदापर्यंतच का? सहस्रांश का मोजत नाहीत?

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मोजले होते. ४०० मीटर वैयक्तिक मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी शतांशापर्यंत बरोबरीत होते. सहस्रांश काढले तेव्हा लार्सन ०.००२ सेकंदाने पुढे निघाला आणि सुवर्ण त्याला मिळालं. पुढे नियम बदलला. तलाव बांधताना दोन लेनच्या लांबीत काही मिलिमीटरचा फरक राहतोच, आणि एका सहस्रांशात खेळाडू त्याहून कमी अंतर कापतो. मग तो फरक खेळाडूचा की गवंड्याचा, हे ठरवणार कसं? त्यामुळे आता शतांश सारखे तर बरोबरी. २०१६ मध्ये रिओत सिमोन मॅन्युएल आणि कॅनडाची पेनी ओलेक्सियाक दोघींनाही ५२.७० साठी सुवर्ण मिळालं, आणि पुरुषांच्या १०० मीटर बटरफ्लायमध्ये फेल्प्स, ल क्लो आणि चेह अशा तिघांना ५१.१४ साठी रौप्य.

चाचणीत दुसऱ्या जागेसाठी बरोबरी झाली तर पुन्हा पोहून निकाल लावतात, कारण जागा एकच असते.

एक शतांश म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या जलतरणप्रेमींना वेगळं सांगायला नको. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरचा वीरधवल खाडे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये २२.४७ सेकंदांनी चौथा आला. कांस्यपदक २२.४६ ला गेलं.

चाचणीतल्या वेळा बघून ऑलिंपिकची पदकं सांगता येतात का?

सांगायचा मोह होतोच. मी म्हणेन, जरा थांबा.

जून २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या चाचणीत, ब्रिस्बेनला, आरियार्न टिटमसने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये १ मिनिट ५२.२३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दुसरी आलेली मॉली ओकॅलाहनही स्वतःच्या जुन्या विश्वविक्रमाच्या आत होती, १ मिनिट ५२.४८. पॅरिसमध्ये ओकॅलाहनने १ मिनिट ५३.२७ मध्ये सुवर्ण घेतलं, टिटमस दुसरी. दोघीही चाचणीपेक्षा संथ.

वॉल्शचं तसंच. चाचणीत ५५.१८ आणि अंतिम फेरीत ५५.३१, हस्की ५५.५२ ने दुसरी. पॅरिसमध्ये हस्की ५५.५९ ने पहिली, वॉल्श ५५.६३ ने दुसरी. आता ही गोष्ट बघा: चाचणीत या शर्यतीत रीगन स्मिथ ५५.६२ ने तिसरी आली होती. तीच वेळ पॅरिसच्या अंतिम फेरीत तिला रौप्यपदक देऊन गेली असती. अमेरिकेत तिसरं येणं म्हणजे काय, हे यावरून समजतं.

स्मिथनेच १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये इंडियानापोलिसला ५७.१३ चा विश्वविक्रम केला. पॅरिसमध्ये ऑस्ट्रेलियाच्या केली मॅकिओनने ५७.३३ ने सुवर्ण मिळवलं, स्मिथ ५७.६६ ने दुसरी, कॅथरीन बर्कॉफ तिसरी. पण काही दिवसांनी मेडले रिलेच्या पहिल्या टप्प्यात स्मिथ ५७.२८ मध्ये पोहली आणि अमेरिकेने विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. वेग तिच्यात होता, तो वैयक्तिक अंतिम फेरीच्या रात्री आला नाही.

चाचणी आणि ऑलिंपिक यांच्यात जेमतेम पाच आठवडे असतात. तेवढ्या काळात पुन्हा सराव, पुन्हा टेपर. चाचणी मोठी करून गेलेल्यांना ते दुसऱ्यांदा जमेलच असं नाही. त्यात पॅरिसचा तलाव फक्त २.१५ मीटर खोल होता, आणि संथ वेळांवर सुरुवातीचे काही दिवस बरीच चर्चा झाली.

वेळेव्यतिरिक्त आणखी काय पाहायचं?

टप्पे. प्रत्येक ५० मीटरला लागलेला वेळ. लांब शर्यतीत तर अंतिम आकड्यापेक्षा टप्पेच जास्त बोलतात. बॉबी फिंकने टोकियोत ८०० मीटरचे शेवटचे ५० मीटर २६.३९ सेकंदांत आणि १५०० चे २५.७८ मध्ये कापले आणि दोन्ही सुवर्णं मागून येऊन घेतली. अशा खेळाडूला शेवटच्या वळणावर चौथा बघून कापू नका. उलट, पहिल्या ५० मीटरला विश्वविक्रमाच्या रेषेपुढे असणारा आणि शेवटच्या ५० ला दोन सेकंद गमावणारा खेळाडू दुसऱ्या जागेसाठी धोक्याचा.

दुसऱ्या देशांत निवड अशीच होते का?

ऑस्ट्रेलिया बरीचशी अशीच. रिओनंतर त्यांनीही आपली चाचणी ऑलिंपिकच्या पाच-सहा आठवडे आधी आणली. जपान स्वतःच्या कडक पात्रता वेळा लावतो. ब्रिटनची २०२४ ची चाचणी एप्रिलमध्येच झाली.

ऑस्ट्रेलियातला २००४ चा प्रसंग मात्र सांगायलाच हवा. ४०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रमवीर इयान थॉर्प हीटच्या आधी ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या ठोकळ्यावरून, तोल जाऊन पाण्यात पडला आणि बाद झाला. दुसरी जागा क्रेग स्टीव्हन्सला मिळाली. अख्खा देश त्या मुलाकडे बघत होता. अखेर त्याने जागा सोडली आणि थॉर्पने अथेन्सला सुवर्ण मिळवलं. स्टीव्हन्सने जागा ठेवली असती तरी त्यात तिळभरही चूक नव्हती, असं मला आजही वाटतं. ती त्याने पोहून मिळवली होती.

भारतात अशी चाचणी का नसते?

कारण आपल्याकडे झगडा दुसऱ्या जागेचा नसून पात्रता वेळेचा आहे. ठरावीक काळात मान्यताप्राप्त स्पर्धेत ती वेळ गाठायची. साजन प्रकाश हा ऑलिंपिकची 'अ' पात्रता वेळ, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठणारा पहिला भारतीय. जून २०२१ मध्ये रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय त्याने १ मिनिट ५६.३८ मध्ये पोहली, मर्यादा होती १ मिनिट ५६.४८. लगेचच श्रीहरी नटराजची १०० मीटर बॅकस्ट्रोकची ५३.७७ ची वेळही मान्य झाली, मर्यादा ५३.८५. पॅरिसला श्रीहरी आणि १४ वर्षांची धिनिधी देसिंघु हे दोघे सार्वत्रिक प्रतिनिधित्वाच्या कोट्यातून, म्हणजे थेट पात्र न ठरलेल्या देशांसाठी राखलेल्या जागांवर, गेले.

म्हणजे भारतीय चाहत्याचा अंदाज घड्याळाशी असतो, अमेरिकन चाहत्याचा शेजारच्या लेनशी. २००८ मध्ये वीरधवल १६ व्या वर्षी बीजिंगला गेला, २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. १९८६ मध्ये खजान सिंगला रौप्य मिळालं होतं, त्यानंतर भारताचं जलतरणातलं ते पहिलं आशियाई पदक. एकाच शर्यतीत दुसऱ्या जागेसाठी चार-चार भारतीय झुंजताहेत आणि चौघांचीही पात्रता वेळ झालेली आहे, असा दिवस मला बघायचा आहे.

मित्रमंडळींत अंदाजाची स्पर्धा लावायची तर गुण कसे ठेवावेत?

दुसऱ्या जागेला विजेत्याइतकेच गुण द्या, किंबहुना एखादा जास्तच. दोन्ही नावं बरोबर पण क्रम उलटा असेल तर निम्म्याहून थोडे अधिक द्या, कारण संघ तर बरोबर सांगितलेला असतो. १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइलला सहा नावं मागा. वेळेचा अंदाज फक्त बरोबरी फोडण्यासाठी वापरा. तक्ते पहिल्या हीटआधी बंद करा, नाहीतर सकाळच्या वेळा बघून सगळेच शहाणे होतात.

पैसे लावू नका. या चाचणीत पोहणारी कित्येक मुलं अजून शाळेत आहेत.

काय बोलू नये?

कुणाच्या शरीराबद्दल, वजनाबद्दल. पुराव्याशिवाय उत्तेजकांबद्दल. आणि तिसऱ्या आलेल्या मुलामुलीबद्दल 'दबाव पेलला नाही' हे तर अजिबातच नको. आतलं आपल्याला काहीही ठाऊक नसतं, मॅन्युएलच्या वेळी हे सगळ्यांनी पाहिलं. शर्यतीवर हवी तेवढी टीका करा: वळण चुकलं, सुरुवात मंद झाली, भिंतीकडे जाताना एक हात जास्त मारला. तो खेळ आहे आणि त्यावर बोलायलाच आपण बसतो.

भारतातून थेट बघायचं तर किती वाजता?

जूनमध्ये इंडियानापोलिस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथली सकाळी ११ ची हीट म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ, आणि रात्री ८ ची अंतिम फेरी म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेपाच. हीट जेवणाच्या वेळी, अंतिम फेरी चहाबरोबर. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली बरीच मुलं स्थानिक जलतरण क्लबांत पोहतात, त्यांच्या आईवडिलांकडून इथले बारकावे उत्तम कळतात. ओळख असेल तर विचारा.

२०२८ ला काय बदलणार?

बरंच. लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्ही प्रकारांच्या ५० मीटर शर्यती पहिल्यांदा असतील, पुरुष आणि महिला दोघांच्याही. आतापर्यंत ५० मीटर फक्त फ्रीस्टाइलमध्ये होती. केवळ एका लांबीचा वेग असलेल्या खेळाडूंना यामुळे दार उघडलं. २०२५ च्या सिंगापूर जागतिक स्पर्धेत ५० मीटर बॅकस्ट्रोक बर्कॉफने आणि ५० मीटर बटरफ्लाय वॉल्शने जिंकली, त्यामुळे तिथल्या पहिल्या जागेबद्दल आत्ता फार वाद होणार नाही. जलतरण या वेळी सोफाय स्टेडियममध्ये आणि ऑलिंपिकच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे चाचणी आणि ऑलिंपिकमधलं अंतरही पुन्हा मोजावं लागेल. तक्त्यात सहा नव्या ओळी वाढवा. ५० मीटरमध्ये पुढे जायला वेळच नसतो: सुरुवात, पाण्याखालचे १५ मीटर आणि शेवटचा हात. पुरुषांच्या ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं दुसरं नाव लिहायला मी स्वतः सगळ्यात शेवटी घेणार आहे.